वावरातले ठिपके

आमचं दुकान पाचोऱ्यात. ठिबकच्या नळ्या, फिल्टर, सुटे भाग. मी तिथे बिलं करते. दरवर्षी थंडी पडली की एखाद्या रविवारी दुकानातले सगळे मिळून वावरात भरीत करतो, आणि आजवर पहिलं बोलावणं शेठना जायचं. यंदा त्यांना कुणीच बोलावलं नाही. कारण ॲप.

शेठनी ते कुठल्याशा व्यापारी मेळाव्यात पाहिलं आणि भारावूनच परत आले. आमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हजेरीचं ॲप उतरलं. शेठच्या फोनवर नकाशा, नकाशावर ठिपके, ठिपक्यांवर आमची नावं. माल पोचवायला गेलेला माणूस कुठे आहे ते कळावं, एवढाच हेतू, असं ते म्हणाले. फोन आमचा, रिचार्ज आमचा, आणि चहाला गेलो की टपरीवर काय चाललंय म्हणून विचारणा शेठची. आता पाचोऱ्यात तरी कुणाचं काय लपून राहतं? मी साडी घेतली तर घरी पोचायच्या आत सासूबाईंना रंग कळलेला असतो. पण सासूबाईंना कळणं वेगळं आणि शेठना कळणं वेगळं. मला त्याचा खरोखर राग यायचा.

सुटले ते एकटे नाना. नाना आमचं गोदाम सांभाळतात, शेठच्या वडिलांच्या वेळेपासून. त्यांचा फोन इतका जुना की ॲप त्यात उतरेचना. दुरुस्तीवाला म्हणाला, कंपनीनं या फोनचे अपडेट केव्हाच बंद केलेत. नानांना ते पटलं नाही. बोलता येतं, टॉर्च लागतो, मग त्याला म्हातारा ठरवणारी कंपनी कोण, असं त्यांचं म्हणणं. दुकानात बाकी सगळ्यांना एकच चार्जर चालतो. नानांची जुनी पिन मात्र वेगळी, ती ते जानव्यासारखी जपतात. कानाशी धरून त्या फोनवर ऐकू येत नाही, म्हणून येईल तो फोन स्पीकरवर. अख्ख्या गोदामाला त्यांच्या घरातली भाजी कळते, तरी आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा.

तर त्या रविवारी आम्ही, नानांसकट, गावाबाहेर एकाच्या वावरात जमलो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजून झाली, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचायला घेतली, आणि मनमोकळं शेठपुराण सुरू झालं. शेठची नक्कल मी बरी करते, त्यामुळे मला आग्रहही फार. सुट्टीला ॲप बंद असतं, अशी आमची समजूत होती. मधे नवं अपडेट आलं तेव्हा त्यानं काहीतरी विचारलं होतं खरं, आणि आम्ही सगळ्यांनी न वाचता 'मान्य' दाबलं होतं. ते कोण वाचतं?

तेवढ्यात नानांच्या घरून त्यांच्या बायकोचा, अक्कांचा फोन आला. अर्थातच स्पीकरवर. अक्का स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात बोलत होत्या.

"शेठ येल शेतस घर. भरीतना डबा लई येल शेतस. म्हणतस, नानाले बी कोनी बलावं नही, आम्ही दोन्ही संगे जेवूत. काय सांगू त्यास्ले?"

बडगीतलं ठेचणं थांबलं. शेठनी घरी बसल्या बसल्या नकाशा उघडला असणार. थंडीतला रविवार, भर दुपार, सगळे ठिपके एका वावरात. खानदेशात याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. नानांचा ठिपका तेवढा त्यात नव्हता. म्हणून आपल्यासारखं त्यांनाही वगळलं, असं समजून हा माणूस डबा घेऊन त्यांच्या दारात गेला होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

नानांनी कुणाकडे पाहिलं नाही. "त्यास्ले सांग, डबा लईसन वावरमा या," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

शेठ स्कूटरवर आले आणि डबा हातात धरून बांधावरच थांबले. मग त्यांनी खिशातून फोन काढून आमच्यापुढे धरला.

"यात सगळे दिसतात," ते हसत म्हणाले, पण बघत होते खाली. "मीच दिसत नाही."

नाना आपल्या शेजारी केळीचं आणखी एक पान मांडत होते.

"आते दिसतस ना तुम्ही. बसा."

शेठ बसले. फोन त्यांनी डब्याच्या झाकणावर उपडा ठेवला आणि जेवण होईपर्यंत तिकडे पाहिलं नाही.