काखेतल्या गाठी

आईच्या छातीतली गाठ कर्करोगाची आहे, हे सुईच्या तपासणीत आधीच ठरलं होतं. प्रश्न राहिला होता काखेचा. तिथंही दोन गाठी हाताला लागत होत्या. आजार तिथवर पसरला असेल, तर ऑपरेशन मोठं आणि भरवसा कमी, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून एमआरआय.

मी तेव्हा हुमनाबादच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. शिक्षिका आहे म्हटल्यावर डॉक्टर माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागले. आईला मराठी, कन्नड, दखनी सगळं यायचं, नेमकं तेवढंच यायचं नाही. मला त्यात जरा मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

जोडवी, मणी, बांगड्या उतरवून आईला मशिनीत पालथं झोपवलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "गिरणीवानी वरडायलंय, पीठ तेवढं पडंना."

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. त्या दोन गाठी मोठ्या होत्या, पण लांबट. कडा गुळगुळीत, मधली चरबी जागच्या जागी. अशा गाठी बहुतेक सुजेच्या असतात, ते म्हणाले. मग आईलाच हिंदीत विचारलं, या हाताला काही जखम, फोड झाले होते का? आई नाही म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

झाले होते. महिन्यापूर्वी तिचा खांदा आखडला आणि मी बिब्बा लावला. बिब्ब्यात सुई टोचून तो दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की त्याच सुईनं कातडीवर ठिपके द्यायचे. आमच्याकडे लंगड्या मेंढीलाही हाच उपाय. वर्गात मी पोरींना असले उद्योग करू नका म्हणून सांगायचे आणि घरी आईनं म्हटलं की दिवा लावायचे. बिब्बा उतला. खांद्यापासून दंडापर्यंत पाण्याचे फोड आले, मग खपल्या धरल्या. "डाक्टरला सांगू नको, वरडतेत," असं तिनं निघतानाच बजावलं होतं. मलाही ते सोयीचंच होतं.

पण आता गप्प बसले असते, तर सूज कशाची हे त्यांना कळलंच नसतं. लाज वाटत होती, तरी सांगितलं.

"कामून सांगायलीस?" आई पुटपुटली.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी खांद्यावरचे काळे डाग पाहिले आणि मान हलवली. मग फिल्मवर आणखी एका जागी पेन ठेवलं. तिथं तिसरी गाठ होती, तुरीच्या दाण्याएवढी. हाताला ती कधी लागलीच नव्हती. पण ती गोल होती, कडा ओबडधोबड, मधली चरबी नाहीशी झालेली. नुसत्या आकारावर जाऊ नका, ते इंग्रजीत म्हणाले. फिल्मवरून अंदाज येतो, खात्री सुईनंच होईल. एका मोठ्या गाठीतून आणि त्या लहान गाठीतून नमुना घेतला. सुई दोनदा कामून टोचली, असं आईनं विचारलं. पहिली नीट बसली नाही, मी म्हणाले.

चार दिवसांनी रिपोर्टसाठी पुन्हा गेलो. डॉक्टर सावकाश बोलत होते, मी ऐकत होते. मला फार भीती वाटत होती आणि ती चेहऱ्यावर येऊ द्यायची नव्हती.

"काय म्हणायलेत?" आईनं विचारलं.

"मोठ्या गाठी बिब्ब्याच्या हायेत. त्यात काई न्हाई."

मी तेवढंच सांगितलं. घटकाभर तरी तिला हे मिळू दे, असं वाटलं.

आईनं डॉक्टरांना हात जोडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे सैल पडलेले दिसले. "मग चल, दोनची गाडी गावंल," म्हणत तिनं पिशवी उचलली आणि दाराशी काढलेली चप्पल पायात सरकवली.

मी खुर्चीतून उठले नाही.

"आई, थांब," मी म्हणाले. "अजून एक गाठ हाय."