सावकाश या, पाणी गोड आहे

जे ठिकाण बघायला चार माणसं जातात, त्या ठिकाणाशी माझ्या साडूंचं उभं वैर होतं. दुबईत वीस वर्षं काढून त्यांनी सोन्याच्या बाजारात पाऊल टाकलं ते फक्त एकदा, तेही पावसात अडकले म्हणून. देरा भागातल्या एका शिपिंग कंपनीत ते कागदपत्रं बघत. अल मनखूलमधला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट म्हणजे एका खेड्याचं प्रचार कार्यालय होतं. हे खेडं त्यांचं नव्हे. दुबईच्या पूर्वेला, धैद गावाच्या पुढे वाळू संपून डोंगर सुरू होतात, तिथल्या एका घळीत वीसेक घरं, खजुराच्या बागा आणि दगडी पाटातून वाहणारं पाणी एवढाच त्याचा जामानिमा. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला रस्ता चुकून ते तिथे पोचले आणि त्यानंतर त्यांना दुसरं काही दिसेनासं झालं.

भारतातून कोणाचीही आत्या, मामा, विहीणबाई आली की साडू विमानतळावरच तिच्या हातात नकाशा ठेवत. नकाशा त्यांनी हाताने काढलेला आणि ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर छापलेला. त्यात दुबई डाव्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढी आणि ते खेडं मधोमध पुरणपोळीएवढं. माझ्या सासूबाई बांगड्या घ्यायच्या म्हणून पुण्याहून आल्या होत्या. त्यांना पहिल्याच शुक्रवारी सकाळी सहाला उठवून साडूंनी डोंगरात नेलं आणि पाटात पाय सोडून बसवलं. सासूबाई परत आल्या त्या मुक्या होऊन. बांगड्यांचं मग माझ्या बायकोने पाहिलं. साडूंच्या थोरल्या मुलाने तर दहावीपर्यंत प्रत्येक सुट्टीत तोच डोंगर पाहिला होता. तो गाडीत बसतानाच म्हणायचा, "बाबा, इट्स जस्ट रॉक्स." साडू शांतपणे उत्तर देत, "हो, पण नीट बघितलेस का?"

त्या खेड्यात एक म्हातारे बाबा होते. तरुणपणी मुंबईला खजूर विकायला गेलेले, त्यामुळे हिंदी बोलणारे. त्यांची तिन्ही मुलं अबूधाबीला नोकरीला होती. सणावारी येत, जात. अंगणातल्या चटईवर कॉफीची किटली घेऊन म्हातारबुवा रोज वाट बघत बसायचे, आणि कोणाची ते त्यांनाही सांगता आलं नसतं. साडूंना ही चटई सहन होत नसे. मी एकदा वैतागून विचारलं, की साडूभाऊ, या गावाचं तुम्हाला एवढं काय पडलंय? त्यांनी वळणावर गाडी हळू केली. मग म्हणाले, "आमच्या गावालाही कोणी येत नसे हो. एस.टी. फाट्यावरून सरळ निघून जायची. लहानपणी मी फाट्यावर बसून मोजायचो."

त्यानंतर मी वैताग आवरता घेतला.

बाबांच्या परवानगीने साडूंनी वळणावर एक पत्र्याची पाटी ठोकली. "सावकाश या, पाणी गोड आहे." अक्षर सुंदर, पण मराठीत. त्या रस्त्याने मराठी वाचणारे फक्त साडूच जात असत, हे मी दाखवून दिलं. "आज नाही, पण येतील," ते म्हणाले. ते यावेत म्हणून साडू आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सहलीच्या मागे लागले. सहल दरवर्षी खाडीकाठच्या बागेत जायची आणि दरवर्षी साडू कमिटीपुढे डोंगराचा ठराव मांडून पडायचे. सहाव्या वर्षी, बहुधा कंटाळून, कमिटीने होकार दिला. साडू त्या रात्री झोपले नाहीत असं त्यांच्या बायकोने सांगितलं. एकदा साठ माणसांनी ते गाव पाहिलं की येणं-जाणं आपोआप सुरू होईल, असा त्यांचा हिशेब होता.

नेमकी सहलीच्या शुक्रवारीच एकादशी आली. बायकांनी ठरवलं, उलट बरंच झालं, साबुदाण्याची खिचडी न्यायला सोपी. साडूंनी बाबांना सांगितलं, की जेवण आम्ही आणू, तुम्ही काही करू नका. बाबा हसले. पाहुणे आपलं जेवण घेऊन येतात ही त्यांना थट्टा वाटली असणार. उपासाचं सांगायचं साडूंना सुचलंच नाही.

आम्ही पोचलो. बाबा नमाजाला गेले तेवढ्यात आमच्या लोकांनी खजुराच्या सावलीत डबे उघडले. खिचडी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचे लाडू, केळी. बाबा परत आले ते दोन पुतण्यांना घेऊन. पुतण्यांच्या हातात परातीएवढी ताटं, भातावर अख्खे बकरे. त्यांनी दोन कापले होते. एरवी चवीने मटण खाणारे आमचे सेक्रेटरीही एकादशीला शिवणार नव्हते. साडूंचा चेहरा मला बघवेना. ते पुढे झाले आणि आज आमचा उपास आहे, हे त्यांनी कसंबसं सांगितलं.

"रोज़ा?" बाबांनी विचारलं.

साडूंनी होकारार्थी मान हलवली.

बाबांची नजर आमच्या मांडीवरच्या भरल्या डब्यांवरून फिरली, पण त्यांनी एक शब्द विचारला नाही. ताटं झाकून शेजारच्या घरांत पाठवायला सांगितलं. हातातली किटलीही बाजूला ठेवली. साडू विनवायला लागले, की तुम्ही तरी दोन घास खा. तेव्हा ते म्हणाले, "तुम्हारा रोज़ा है, हम तुम्हारे सामने कैसे खाएगा?" आणि आमच्याजवळ चटईवर बसून राहिले. रमजानात आपण ऑफिसात चोरून पाणी पितो, ते मला आठवलं. एकेक करून डब्यांची झाकणं लागली. लाडूही कोणी उचलला नाही. साडूंनी तर पाणीसुद्धा घेतलं नाही. दोन वाजता निघणारी बस सूर्यास्तापर्यंत थांबली आणि कोणीही कुरकुर केली नाही. सूर्य डोंगराआड गेल्यावर बाबांनी प्रत्येकाच्या हातावर स्वतः खजूर ठेवला. उभ्या जन्मात मी खरी एकादशी केली ती तेवढी एकच.

पुढच्या वर्षी सहल पुन्हा बागेत गेली. जागा छान, पण लांब पडते, असं कमिटीचं मत पडलं. आणखी तीन-चार वर्षांनी साडूंची नोकरी संपली आणि ते कायमचे आपल्या गावी गेले, फाट्यापासून आत.

मध्यंतरी एकदा मी शारजातल्या आमच्या घरून एकटाच डोंगरात गेलो. सरकारने आता रस्ता रुंद केलाय, वळणावर मोठा फलक लावलाय. त्याच्या खाली साडूंची पाटी गंजत उभी आहे. बाबा खूप थकलेत. त्यांच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर दिसलं तेव्हा मी चकित झालो. दर वर्षी साडू कोणा ना कोणाबरोबर ते पाठवतात आणि काही तारखांना लाल पेनने गोल करतात. बाबांना त्यातलं अक्षर वाचता येत नाही, पण गोल समजतात. त्या दिवशी घरात मांस-मासळी शिजत नाही, म्हणाले. मी विचारलं, का?

"तुम्हारा आदमी आएगा तो?"

एवढ्या वर्षांत त्या दिवशी कोणीही आलेलं नाही. बाबांनी मला कॉफी ओतली, तोवर मी कॅलेंडर बघून घेतलं. पुढचा लाल गोल शुक्रवारीच होता. संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, की त्या शुक्रवारी आपण सगळे डोंगरात जाणार आहोत, आणि खिचडी न्यायची नाही.