एकटीनं प्यायची पावडर

किस्से गोळा करायला कुणी मुद्दाम घराबाहेर पडत नाही. मी रक्ताचे नमुने गोळा करायला पडले होते, तर पिशवीभर किस्सेच मिळाले! तुम्ही खुशाल हसा. मला मात्र सांगताना रडायला येतं.

मी सिस्टर. वेल्ह्याच्या बाजूला एका अभ्यासाचं काम करत होते. वजन जास्त असलेल्या बायकांना रोज अमिनो ॲसिडची, म्हणजे प्रथिनांच्या सुट्या तुकड्यांची, पावडर पाण्यातून द्यायची. काही महिन्यांनी त्यांच्या अंगातली सूज कमी झाली का, ते रक्तात बघायचं. ऐकायला किती सोपं!

* * *

विंझरला पहिली मीटिंग झाली. पुण्याचे डॉक्टरसर घसा कोरडा करून सांगत होते, "चरबी वाढली की शरीर आतल्या आत धुमसत राहतं. ही सूज डोळ्यांना दिसत नाही. काही शंका?"

मागून आवाज आला, "सर, न दिसनारी ऱ्हाऊ द्या. ही दिसतीया तिचं काय करता?" आणि एका बाईनं लुगडं वर करून गुडघे दाखवले!

ही हिरामावशी, गुंजवण्याची. गुडघे टम्म सुजलेले. गेल्या पावसाळ्यात भातलावणीला तिला वाकताच आलं नव्हतं, बांधावर बसून राहिली होती. यंदा चिखलात उतरायचंच, एवढ्यासाठी तिनं नाव दिलं होतं.

* * *

रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. आदल्या दिवशी बजावून आले. सकाळी मावशीची शेजारीण शांताबाई म्हणाली, "पानीसुदिक न्हाई प्याले!" मी रक्त काढलं. मग ती म्हणाली, "फकस्त वाईच च्या."

"अहो, का?"

"तुमच्यासाठीच टाकला व्हता. पावन्याला द्यायच्या आदी साखर बगाया नगं?"



* * *

ह्याच शांताबाईंची पावडरच्या पुड्या संपवायची शिस्त एकदम कडक. मला भारी कौतुक. एक दिवस गोठ्यात डोकावले, तर पावडर पेंडीत कालवणं चाललेलं!

"म्हस नुकती व्यालीया. तिला ताकद नगं व्हय?"

तेवढ्यात सरांचा फोन. "डोस वेळेवर जातायत ना?"

"एकही चुकत नाही, सर," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

* * *

मावशीच्या पुड्याही रिकाम्या व्हायच्या. पण रिपोर्ट जिथल्या तिथं, गुडघे तसेच. माझं डोकं चालेना. एकदा ओसरीवर तिचे मालक भेटले. काडीसारखा माणूस!

"सिस्टर, पावडर लई भारी! आता गड चढून येतू बगा!"

त्यांच्या मागे मावशी भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत होती.

मी भडकलेच. "मावशी, ती तुमची होती!"

"त्यांना दिल्याबिगर म्या कशी घिऊ?"

त्या दिवशी मी बसून बघितलं. अंडं मुलाला, दूध नातवाला, डाळ मालकांना. सगळे उठल्यावर मावशीच्या ताटात भाताचा ढीग आणि वर मिठाचं पाणी म्हणावं अशी आमटी. आणि अंगानं सुटली म्हणून सगळं गाव म्हणतं, "हिला काय कमी हाय!" काय करावं हो अशा बाईचं? फार हताश वाटलं मला.

* * *

मावशीचे रिपोर्ट बघून सरांनी शेवटचं सांगितलं, "समोर प्यायला लावा. नाहीतर नाव काढावं लागेल." रोपं लावणीला आली होती. मी मावशीच्या स्वयंपाकघरात शिरले आणि आतून कडी लावली.

तिनं ग्लासात पावडर ढवळली. ग्लास तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला. परत नेला, परत ठेवला.

"कडू लागतंय का?"

"कडवाचं काय न्हाई. उतरंना ओ. आजवर घरात एकटीनं कायबी तोंडात घातलं न्हाई म्या."

"मावशी, लावणी करायचीय ना?"

"करायचीया की."

तिचे डोळे भरून आले होते. तिनं कप घेतला, अर्धं त्यात ओतलं आणि माझ्यापुढं सरकवलं.

"पावसाची भिजून आलाया. आदी तुमी घ्या."

मला घेता येत नव्हतं. नियमात बसत नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही. ती ग्लासाला हात लावेना.

मी कप उचलला आणि प्यायले. मग मावशीनं ग्लास तोंडाला लावला.