तुरीच्या दाण्याएवढी

वरचा ओठ बोटाने उचलून चाचा आपले तपकिरी डागांचे दात गिऱ्हाइकाला दाखवायचे. "पाहा. तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही खाल्ला कधी. गावच्या विहिरीचं पानी हाय हे." अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या औषधाच्या दुकानात ते काउंटरवर असत. कोणी टूथपेस्ट मागितली की हे प्रदर्शन ठरलेलं. तुम्हीही दचकला असता.

मग करंगळीचं टोक पुढे यायचं. "लेकराले तुरीच्या दाण्याएवढी. जाहिरातीतल्यावानी ब्रशभर नाही. फ्लोराइड दाताले लागलं तं औषध हाय, कीड लागू देत नाही. पोटात जाऊ देऊ नका."

खर्रा खाल्ला नाही, यावर आमचा कोणाचाच विश्वास नव्हता. माझा तर मुळीच नाही.

एकदा शेजारची बाई रडत आली. तिच्या पोराने गोड चवीची जवळजवळ अख्खी ट्यूब खाऊन टाकली होती आणि तो पोट धरून बसला होता. मी नुसताच फोन शोधत राहिलो. चाचांनी चहासाठी आणलेलं दूध त्याला पाजलं, कडेवर घेतलं आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. संध्याकाळी परत आले ते म्हणाले, "चांगला हाय तो. दूध मागवा भाऊ, सकाळपासून चाय नाही."

माझी मुलगी तेव्हा तेल्हाऱ्याला आजीकडे होती. आम्ही नवरा-बायको दिवसभर दुकानात, म्हणून ती सहा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. मी तिला दर महिन्याला स्ट्रॉबेरीच्या वासाची पेस्ट पाठवायचो. एकदा चाचांनी ती पिशवी पाहिली.

"भाऊ, पोरगी पानी कोनतं पेते?"

"बोरचं."

"मंग पानी तपासून घ्या. त्यातही फ्लोराइड असन. पेस्ट गिळते काय, तेही पाहा. पक्के दात आत तयार होऊन राहिले तिचे, माझ्यावानी डाग पडतीन."

"चाचा, तुम्ही आधी खर्रा सोडा," मी म्हणालो. दुकानातली माणसं हसली. चाचाही हसले, पण ओठ मिटून.

पुढे गिऱ्हाइकं कंटाळतात म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत खोके उघडायला बसवलं. वर्षभरात ते वारले. मी त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हा गावाहून त्यांचे भाऊ आले होते, म्हातारी बहीण आली होती. सगळ्यांचे दात तसेच. मला तिथे बसवेना.

त्यानंतर मुलीचे पुढचे पक्के दात आले, ते डाग घेऊनच. दातांच्या डॉक्टरांनी पाणी विचारलं, पेस्ट विचारली. हे घासून जायचं नाही, म्हणाले. पाणी तपासायला एक बाटली भरून आणायची होती, एवढंच. तेवढंही मी केलं नाही.

आता ती अकरा वर्षांची आहे. परवा दुकानात आली, तर एका ओळखीच्या गिऱ्हाइकाने गमतीने विचारलं, "काय वं पोरी, खर्रा खाते काय?"

दुकानातली माणसं हसली. तीही हसली, ओठ मिटून.