जळत्या उडवीपासून दहा पावलं

आसनगाव स्टेशनाबाहेर आलं की पूर्वी समोर माहुलीचे सुळके दिसायचे. आता दोन इमारतींच्या मधली फट शोधून त्यातून ते बघावे लागतात. मी तसे बघितले, आणि तीस वर्षांनी भेटलेल्या ओळखीच्या माणसासारखे वाटले. मग शहापूरला जाऊन डेपोजवळ चहा घेतला आणि किन्हवलीमार्गे मुरबाडकडे जाणारी एस.टी. धरली. पिशवीत वही आणि माझ्याच जुन्या कादंबरीची मुद्रितं होती. प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची होती, आणि एका बाईंना एक गोष्ट सांगितल्याशिवाय मी होकार देणार नव्हतो.

तीस वर्षांपूर्वी मी पंचविशीत होतो आणि निसर्गवादाने पुरता झपाटलेलो होतो. फ्रान्समध्ये उगवलेला हा लेखनाचा पंथ आम्हा चार मित्रांना भाड्याच्या खोलीत, पुस्तकांतून सापडला होता. माणूस म्हणजे त्याच्या वाडवडिलांचं रक्त, त्याचा परिसर आणि त्याच्यावर आलेली वेळ. त्याची स्वतःची इच्छा वगैरे सगळं लटकं. लेखकाने प्रयोगशाळेतल्यासारखं बाजूला उभं राहून टिपायचं. कीव करायची नाही, निवाडा द्यायचा नाही, आणि मध्ये तर मुळीच पडायचं नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालो होतो, पण काय सुखाचे दिवस होते ते.

माझी प्रयोगशाळा म्हणजे सरळगावच्या अलीकडचं एक छोटं गाव. दामूभाऊ नावाच्या भातशेतकऱ्याच्या पडवीत मी पंधरा दिवस राहिलो. सदा वही घेऊन फिरतो म्हणून घरचे मला मास्तर म्हणायचे. दामूभाऊ प्यायचे, त्यांचे वडीलही प्यायचे. म्हणून कादंबरीत मी त्यांच्या पाच वर्षांच्या विलासलाही पुढे दारुडा करून टाकला. निघायच्या आदल्या दिवशी राब भाजत होते (भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, पाचोळा, फांद्या पसरून जाळतात, तो राब). एक ठिणगी उडून पेंढ्याच्या उडवीवर (गंजीवर) बसली. मी दहा पावलांवर, बांधावर होतो. सगळ्यांची पाठ होती. ओरडलो असतो तर एका हंड्यात विझली असती. मी घड्याळ बघितलं आणि लिहीत राहिलो. कादंबरीतलं ते प्रकरण पुढे फार गाजलं. त्यातला थंडपणा लोकांना आवडला.

फाट्यावरचं मोहाचं झाड ही माझी खूण होती. ते झाड रुंदीकरणात गेलेलं, त्यामुळे मी भलत्याच थांब्यावर उतरलो आणि भर उन्हात चालत सुटलो. वाशिंदच्या कंपनीतून पाळी संपवून येणाऱ्या एका माणसाने मोटारसायकल थांबवली. कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं, मी सांगितलं, तर तो म्हणाला की ते त्याचंच घर. विलास तो. वडील जाऊन बारा वर्षं झाली म्हणाला. मी चाचरत व्यसनापाण्याचं विचारलं, तर कळलं की साखरेच्या आजारामुळे तो चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो. माझी आनुवंशिकता रस्त्यातच आडवी झाली.

दामूभाऊंच्या पत्नी द्वारकावहिनी पडवीत बसल्या होत्या. केस पांढरे झालेले, पण ओळखलं लगेच. ताटात तांदळाची भाकरी, सुकट आणि कैरीची फोड आली. तीच चव. दुसरा घास घेण्याआधी बोलून टाकावं म्हणून मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी ठिणगी मी पाहिली होती. ओरडलो नाही. लिहीत बसलो."

त्या भाकरी मोडत राहिल्या.

"ठिणगीचा नाय म्हाईत. पन तुमी लिवत व्हते, ते आमी पायला ना. म्हणून तर आमी थांबलो."

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी शेजारचं छप्पर जळालं, तेव्हा पंचनाम्याला आलेला माणूस रागावला होता: लिहून होण्याआधी कशालाही हात का लावलात? त्यामुळे उडवी पेटलेली दिसली, दामूभाऊ हंडा घेऊन धावले, आणि मी लिहितोय हे बघून जागीच थांबले. "हे म्हणाले, मास्तरांचा लिवून होऊ दे. तुमचा लिवून काय संपना."

सबंध पावसाळ्याचा चारा गेला. बैल वहिनींच्या माहेरी धाडले, ते परत आले नाहीत. मी पंचनामाच लिहितोय असं समजून वर्षभर ही माणसं माझ्या भरपाईच्या कागदाची वाट बघत होती. आणि मी लिहिलं होतं, 'पिढ्यान्‌पिढ्यांच्या दैववादाने थिजून ती माणसं आगीसमोर उभी राहिली.' हे वाक्य वर्गावर्गांतून शिकवलं गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला असेल ना, असं विचारलं.

"आला व्हता. कागद आला नाय तवा." मग त्या उठल्या. "चला, आज राब भाजायचाय. वही ठेवा हितंच."

वारा मंदावला होता. वहिनींनी माझ्या हातात ऐनाचा हिरवा टहाळ (पानांची फांदी) दिला आणि उडवीच्या बाजूला उभं केलं. विलासने वाऱ्याच्या उलट अंगाने राब पेटवला, म्हणजे आग सावकाश सरकते. धुराने डोळे चुरचुरत होते. दोनदा मी धावलो आणि जिवाच्या आकांताने टहाळ हाणला. दुसऱ्या वेळी ते नुसतं उडालेलं पान निघालं. विलास पोट धरून हसला, वहिनीही हसल्या.

संध्याकाळी आसनगावला बाकावर बसून मुद्रितं काढली. बोटांना धुराचा वास येत होता. मित्रांपैकी दोघे आता नाहीत. असते तर म्हणाले असते, लेखकाने चित्रात येऊ नये. पण मी चित्रात होतोच, फक्त लिहायचं राहिलं होतं. थिजलेल्या माणसांचं ते वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'दहा पावलांवर एक माणूस वही घेऊन उभा होता. त्याचं लिहून व्हायची सगळे वाट बघत होते.'