तीन मॅगझिन आणि एक मनगट

चौथ्या गोळीला पिस्तूल पुन्हा अडकलं. हर्षालीने नळी टार्गेटकडेच ठेवली, ट्रिगरवरचं बोट काढलं आणि डावा हात वर केला.

"काका, परत."

मी जवळ गेलो. गोळी मॅगझिनमधून अर्धी बाहेर येऊन नाक खाली खुपसून बसली होती. तिचं शिशाचं टोक चेपलं होतं. मी मॅगझिन काढलं, अडकलेली गोळी काढली, चेंबर, म्हणजे नळीच्या मागचं गोळीचं घर, रिकामं असल्याची खात्री केली आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं. मागे राऊत सर उभे होते. ते आमच्या रायफल क्लबचे सेक्रेटरी. रविवारी सकाळी माकुणसारहून स्कूटरवर येतात आणि कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांच्या हातात एंट्री फॉर्म होता.

"उद्या संध्याकाळपर्यंत नाव पाठवायचंय," ते म्हणाले. "विभागीय स्पर्धेला क्लबचं एकच पिस्तूल जाणार, म्हणजे नावही एकच. गेल्या वर्षीसारखं झालं तर? तुम्हीच सांगा जगताप. मनगटाचाच प्रॉब्लेम असेल तर मी दुसरं नाव घालतो."

"बघतो सर," मी म्हणालो.

बघण्यासारखं फार नव्हतं. काय बिघडलंय ते मला एका वर्षापासून माहीत होतं.

मी लष्करात वीस वर्षं आर्मरर होतो. आर्मरर म्हणजे हत्यारांचा मेकॅनिक. गाव सातारा जिल्ह्यात, पण रिटायर झाल्यावर बोईसरला एमआयडीसीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून लागलो आणि इथलाच झालो. सहा दिवस कंपनी. रविवारी पालघर-मनोर रस्त्यावरच्या आमच्या क्लबात हत्यारांची देखभाल.

हर्षाली सातपाटीची. वडील बोटीवर, आई पालघरच्या बाजारात मासळी विकते. कॉलेजच्या कॅम्पमध्ये तिने पहिल्यांदा रायफल धरली आणि तिथून ती आमच्याकडे आली. तिचा प्रकार पंचवीस मीटर पिस्तूल; अर्ध्या गोळ्या सावकाश मारायच्या, अर्ध्या रॅपिड, म्हणजे झटपट. त्याला लागतं पॉइंट टू-टूचं छोटं पिस्तूल. या गोळीची एक खोड समजून घ्यावी लागते. मोठ्या गोळीत ठिणगीचा मसाला बुडाच्या मधोमध असतो. हिच्यात तो बुडाच्या कडेत भरलेला असतो. म्हणून ती कड बाहेर आलेली असते, झाकणाच्या काठासारखी. पाच गोळ्या मॅगझिनमध्ये, म्हणजे स्प्रिंगच्या डबीत, एकावर एक बसतात. डबीच्या तोंडाला पत्र्याच्या दोन कडा आत वळलेल्या असतात. त्यांना आम्ही ओठ म्हणतो. वरची गोळी ओठांनी धरून ठेवायची आणि नेमक्या कोनात सोडायची. कोन बिघडला की गोळी चेंबरमध्ये जायच्या ऐवजी कुठेतरी धडकते. झालं, पिस्तूल अडकलं.

गेल्या वर्षी स्पर्धेच्या चार दिवस आधी मी तिन्ही मॅगझिन साफ करत होतो. एक हातातून निसटलं आणि सिमेंटच्या फरशीवर तोंडावर पडलं. आवाज अजून आठवतो. उचललं, बघितलं, डोळ्यांना तर ठीक दिसलं. मापाचं गेज लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी लावलं नाही. खोलीत कोणी नव्हतं. वीस वर्षांत माझ्या हातून काही पडलं नाही, असं मी नुकतंच राऊत सरांना ऐकवलं होतं. मॅगझिन पुसून इतर दोन मॅगझिनच्या शेजारी ठेवून दिलं.

स्पर्धेत पिस्तूल अडकलं. एका फेरीत एकदा अडकलं तर माफी असते, राहिलेल्या गोळ्या पुन्हा मारू देतात. दुसऱ्यांदा अडकलं की राहिलेल्या गोळ्यांना शून्य. हर्षालीचं दुसऱ्यांदाही अडकलं. तिची वर्षाची मेहनत तीन गोळ्यांत गेली. राऊत सरांनी मला विचारलं, "काय झालं हो?" आणि मी म्हणालो, "मनगट कच्चं आहे तिचं."

हे कारण खोटं नसतं, हेच त्यातलं वाईट. मनगट सैल सोडलं तर पिस्तुलाचा मागचा झटका नीट बसत नाही आणि गोळी अडकू शकते. पुस्तकात आहे. सरांनी रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. वर्षभर तिला फक्त छर्ऱ्याच्या एअर पिस्तुलावर ठेवलं, मनगट पक्कं होईपर्यंत. ते पिस्तूल तिन्ही मॅगझिनसकट कपाटात गेलं. माझं पाप पण त्याच कपाटात. किल्ली माझ्याचकडे.

आता त्या रविवारी काय केलं ते सांगतो. मी सगळं तपासलं. आधी चेंबरचं तोंड साफ केलं, तिथे मेणाचा आणि शिशाचा थर बसतो. मग गोळ्यांचा बॉक्स बदलला. मग स्प्रिंग. मग तेल. सगळं अगदी पद्धतशीर. जे तपासायला हवं होतं तेवढंच टाळत होतो.

"तेल जास्त घालतेस तू," मी म्हणालो.

"खाऱ्या हवेत काय पण टिकत नाय काका. पप्पा बोटीचं इंजिन पण असंच ठेवतात."

शेजारच्या लेनवरचा एक रायफलवाला हसला. "त्यात बोंबलाचा खवला अडकला असेल, बघा नीट."

"बोंबलाला खवले असतात का रे?" हर्षाली म्हणाली. "खातोस तरी का कधी, का नुसता बोलतोस?"

तो परत आपल्या टार्गेटकडे वळला. पिस्तुलाचं मात्र तेच. दोन मॅगझिन नीट जायची, तिसऱ्याला अडकायचं. मग परत तीन नीट. मॅगझिन दिसायला सारखी, टेबलावर एकत्र पडलेली. कुठलं भरलं, कुठलं मारलं, कोणाच्या लक्षात राहणार? तिन्हींतलं एक खराब असलं की दोष कधी येतो, कधी येत नाही. असा दोष माणसाच्या माथी मारायला सगळ्यात सोपा.

हर्षाली टेबलाकडे बघत उभी राहिली. मग बॅगेतून नेलपेंटच्या तीन बाटल्या काढल्या. गुलाबी, हिरवी, निळी.

"हे काय आता?" राऊत सर म्हणाले.

"सर, आमच्याकडे जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर घराघराची खूण असते. नायतर कोणाचं जाळं फाटलं ते समुद्रात भांडत बसायला लागेल." तिने प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला एकेक ठिपका लावला आणि फुंकर मारून वाळवला. "आता वहीत लिहू. कुठल्या रंगाला किती वेळा."

वीस वर्षं मी लष्करात, दहा वर्षं क्वालिटीत. ही अक्कल मला सुचायला हवी होती. म्हणजे सुचली होतीच. मीच ती दाबून ठेवली होती.

जेवणाच्या वेळेपर्यंत प्रत्येक रंगाचं मॅगझिन वीस-वीस वेळा भरून मारून झालं. हिरव्याला एकदाही अडकलं नाही. निळ्याला एकदा. गुलाबीला अकरा वेळा. राऊत सरांनी वही दोनदा वाचली.

"म्हणजे मनगट नाही," ते म्हणाले. "मॅगझिन आहे. पण हे असं झालं कधी?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो की नाही, आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्याआधी हर्षालीच बोलली.

"माझ्याकडूनच पडलं असेल सर. गेल्या वर्षी रेंजवर मी घाई करायची ना, भरताना. मी लिहून देते तसं."

"दे लिहून," सर म्हणाले. "रेकॉर्डला राहील. पण मग स्पर्धेला नाव पाठवताना मला विचार करावा लागेल. वस्तू पाडणाऱ्याच्या हातात क्लबचं पिस्तूल..."

तिने पेन घेतलं. वहीचं मागचं पान काढलं.

आमच्या कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की एक फॉर्म भरतात. त्यात 'रूट कॉज' असा रकाना असतो. म्हणजे मूळ कारण. दहापैकी आठ जण तिथे दोनच शब्द लिहितात, 'ऑपरेटर एरर'. मशीनचा टूल झिजलेला असतो, पार्ट धरणारं फिक्श्चर हललेलं असतं, पण दोष मशीनवर उभ्या असलेल्या माणसाचा. असले फॉर्म मी फाडून परत पाठवतो. कारखान्यात माझं नाव त्याबद्दल घेतात. "जगतापसाहब के पास ऑपरेटर एरर नहीं चलता," असं आमचे यूपीचे ऑपरेटर नव्या माणसाला सांगतात.

तेच दोन शब्द मी या मुलीच्या नावापुढे लिहायला लावले होते. मराठीत, इतकंच.

"लिहू नकोस," मी म्हणालो.

"का काका?"

"ते माझ्या हातून पडलंय. गेल्या वर्षी, स्पर्धेच्या चार दिवस आधी. फरशीवर, तोंडावर. मला माहीत होतं. मनगटाचं मी सांगितलं ते..."

राऊत सरांनी चष्मा काढला. हर्षालीने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं, परत लावलं.

"वर्षभर मी वाळूच्या बाटल्या उचलल्या काका. रोज सकाळी. दोन्ही हातांनी, हात लांब धरून."

"हो."

"बाजारात आईला बायका विचारायच्या, पोरगीच्या हाताला काय झालंय."

"हो."

"तुम्ही मला वॉर्मअप पण शिकवायचात मनगटाचा." ती उठली, बॅग घेतली आणि निघून गेली. पिस्तूल पहिल्यांदाच न पुसता टेबलावर राहिलं. ते मी पुसलं.

मग गुलाबी मॅगझिनला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावला. उजवा ओठ कागदाच्या एका पानाइतका उघडला होता. तेवढाच. पकडीने दाबून बसवता आला असता, पण अशा पत्र्याचा भरवसा नसतो. कंपनीच्या बॅगेत लाल रिजेक्ट टॅग होता, तो त्याला बांधला. रूट कॉजच्या रकान्यात लिहिलं : आर्मररच्या हातून पडलं, आर्मररने लपवलं. खाली सही. राऊत सरांनी ते दोनदा वाचलं.

"तुमचं काय करायचं ते कमिटी ठरवेल," ते म्हणाले. "हिचं मी ठरवलं." आणि फॉर्मवर तिचं नाव घातलं.

पण ती येईल का, हे कोणी सांगावं? दुसऱ्या दिवशी मी हाफ डे टाकून सातपाटीला गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिची आई बंदरावर होती. बोट नुकतीच लागली होती आणि बर्फात भरलेले टोपले खाली येत होते. मी माझं नाव सांगितलं.

"तुमीच काय ते जगताप?" तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "माज्या पोरीचा मनगट कच्चा हाय, आं?"

"नाही वहिनी. मी खोटं बोललो."

"थांबा. तो टोपला उचला जरा."

मी वाकलो. दोन्ही हातांनी उचलायला गेलो. गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. आजूबाजूच्या बायका काम सोडून बघायला लागल्या.

"अगो, साहेबाचा मनगट बग गो!" एकीने ओरडून सांगितलं आणि सगळ्या हसल्या. हर्षाली बोटीच्या आडून आली. तिने तो टोपला माझ्या हातातून घेतला, कमरेवर टेकवला आणि लिलावाच्या ओट्यावर नेऊन ठेवला. परत आली तेव्हा तिला श्वासही लागला नव्हता.

"ही बारा वर्षांची असल्यापासून उचलतेय," आई म्हणाली. "मी तेव्हाच बोलले हिला, तो माणूस खोटा बोलतोय. तर ही बोलते, नाय आई, काका लष्करातले हायत."

मी खाली सांडलेला बर्फ गोळा करायला लागलो.

"माफी मागायला आलात?" हर्षालीने विचारलं.

"मागायला आलोय. द्यायची की नाही ते तू ठरव. नाव मात्र गेलंय तुझं. मॅगझिन दोनच आहेत, हिरवं आणि निळं."

"निळ्याला एकदा अडकलं होतं."

"त्याची स्प्रिंग बदलली. कालच शंभर गोळ्या मारून बघितल्या. सरांसमोर."

"माफीचं नंतर बघू," ती म्हणाली. "रविवारी लवकर उघडा रेंज. वर्षभराचं रॅपिड राहिलंय माझं."

दोन आठवड्यांनी स्पर्धा झाली. साठ गोळ्या, एकदाही हात वर करावा लागला नाही. ती पहिली आली नाही, पाचवी आली. पण पुढच्या फेरीला लागणारा स्कोअर झाला आणि वर सहा गुण उरले. लेनवरून परत आल्यावर तिने पिस्तूल पुसलं, भरपूर तेल घातलं आणि माझ्या हातात दिलं. मनगट दाखवत म्हणाली, "वाळूच्या बाटल्या फुकट नाय गेल्या काका. शेवटच्या पाचला हात हलला पण नाय." माफीचा विषय अजून निघालेला नाही. मीही काढलेला नाही.

स्पर्धेनंतर कमिटीने मला सहा महिने हत्यारांच्या खोलीची किल्ली दिली नाही. बरोबर केलं. आता ती परत मिळाली आहे. रजिस्टरमध्ये मी एक नवा रकाना आखला आहे. पिस्तूल अडकलं की कारण लिहायचं, पण ठरलेल्या क्रमाने : आधी आर्मरर, मग मॅगझिन, मग गोळी. नेमबाजाचं नाव सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत अजून एकदाही जावं लागलेलं नाही.