आईचं अर्धांग आणि नदीतल्या काकड्या

हे मी देवनागरीत लिहितेय, त्यामुळे मला कुणाची भीती नाही. तंजावरच्या आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलली जाते, पण वाचायची पाळी आली की सगळे तमिळकडे नाहीतर इंग्रजीकडे पळतात. मी लग्न होऊन पुण्याला आले, सासूच्या धाकानं बाराखडी शिकले, आणि आता माझ्या अण्णाबद्दल मनाला येईल ते लिहू शकते. हा कागद त्याच्या हाती पडलाच, तर तो फार तर त्यात काकडी गुंडाळेल.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ सेतुराम. बँकेत कॅशियर. नोटा मोजताना चेहरा असा, की खातेदाराला वाटावं आपल्या घरचं कुणीतरी गेलं. पण पंगुनी महिना लागला, म्हणजे आपल्या पंचांगातला फाल्गुन उतरायला आला, की हाच माणूस शिट्टी वाजवत घरी यायचा.

पुण्यात वसंत आला की लोक व्याख्यानं ठेवतात. तंजावरात वसंत भट्टीचं दार उघडावं तसा येतो. कोकिळा असते, पण ती गाते की पाणी मागते ते सांगता येत नाही. शहाणी माणसं घरात पंख्याखाली पडतात. आमचा अण्णा मोपेड काढतो.

कावेरी त्या दिवसांत आटलेली असते. धरणाचं पाणी बंद, नदीत नुसती वाळू. बाकीचे हळहळतात, अण्णा खूश. तो म्हणायचा, "पाणी असलं की नदी सरकारची. आटली की आमची." संध्याकाळी नदीकाठच्या तिरुवैयारूला जाऊन तो भर पात्रात चपला काढून फिरायचा. तिथं वाळूतच वेलींवर बोटाएवढ्या काकड्या धरतात. त्या तिखटमीठ लावून तो उभ्यानं खायचा. येताना ताडगोळे. घरासमोरच्या कडुलिंबाखाली पहाटेच धोतर अंथरून ठेवायचा, सारात घालायची फुलं त्यावर पडावीत म्हणून. आणि त्या धोतराची राखण अशी करायचा की बँकेच्या तिजोरीची कधी केली नसेल. रामनवमीला गूळपाण्याचं पानकम् जिथं जिथं वाटतात तिथं तिथं जाऊन पिऊन यायचा, वर प्रत्येकाला नावं ठेवायचा. इथं सुंठ कमी, तिथं भक्ती जास्त. पाडवा आमचा म्हणून करायचा, आणि तमिळ नववर्ष शेजाऱ्यांचं मन मोडू नये म्हणून. दोन्ही दिवशी गोडाचं जेवण, आणि काम कुठल्याच दिवशी नाही.

आता गंमत अशी, की हा मनुष्य हुशार होता. बँकेच्या बढतीची परीक्षा दर खेपेला सहज पास व्हायचा. पण ऑफिसर झालं की बदली ठरलेली, आणि तीही उत्तरेत कुठं तरी. ते नव्वदच्या दशकातले दिवस. मेलवीदी या आमच्या गल्लीत जो तो बंगळूरला नाहीतर सिंगापूरला निघालेला, गच्च्यांवर डिश लागलेल्या. अण्णा मात्र दर वर्षी पडेल चेहऱ्यानं मॅनेजरसमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "आई आजारी आहे."

सुरुवातीला आईचे गुडघे दुखायचे. मॅनेजर बदलला तशी तिला रक्तदाबाची जोड मिळाली. पुढचा मॅनेजर खमक्या निघाला, तेव्हा अण्णानं तिला सरळ अर्धांगवायू देऊन टाकला. हे मला आणि वहिनीला ठाऊक होतं. ज्या यमुनाबाईंना हे सगळं झालं होतं, त्यांना मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पंचाहत्तरी ओलांडून गच्चीवर सोऱ्यानं वडाम घालत होत्या.

वडाम म्हणजे तुमची कुरडई, आमच्याकडे तांदळाची आणि साबुदाण्याची. चैत्रातल्या उन्हात वाळवायची आणि वर्षभर तळून खायची. पहाटे पीठ शिजवायचं, ऊन चढायच्या आत जुन्या धोतरांवर घालायचं, आणि मग दिवसभर कावळ्यांशी लढाई. आई ही लढाई काठी घेऊन स्वतः लढायची. तिचा कुणावर विश्वास नव्हता, कावळ्यांवर तर नाहीच.

शहाण्णव साली मी मुलांच्या सुट्टीत माहेरी आले होते. त्या वर्षी बँकेनं नवा फतवा काढला होता: बढती नाकारायची तर कारण खरं आहे का ते वरचा साहेब बघणार. खोटं निघालं तर नुसती बदलीच नाही, खातेचौकशीसुद्धा. अण्णाच्या कानावर भटिंड्याचं नाव आलं होतं. दोन रात्री तो झोपला नाही. तिसऱ्या दिवशी "घरी आईला बघायला डॉक्टर येणार आहेत" असं सांगून त्यानं रजा काढली आणि काकड्या आणायला तिरुवैयारूला गेला. त्याला चिंता झाली की तो हेच करायचा.

वहिनी शिकवायला शाळेत गेलेली. दहाच्या सुमाराला दार वाजलं. बाहेर सफारी घातलेले एक जाडजूड गृहस्थ उभे. इंग्रजीत म्हणाले, ते त्रिचीच्या ऑफिसातून आलेत, आज शाखेची तपासणी आहे, सेतुराम यांच्या आई आजारी असल्याचं कळलं म्हणून भेटायला आले. नावही सांगितलं असेल, पण माझं लक्ष जिन्याकडे होतं.

"डॉक्टर आले होते?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच गेले. आई झोपलीय," मी म्हटलं.

तेवढ्यात गच्चीवरून आरोळी आली, "वाणी! कावळे आले गं! दुसरी काठी आण!"

साहेबांनी वर बघितलं. मी म्हणणार होते, ती माझी मावशी. पण तोंड उघडायच्या आत जिन्यावर आईच उभी. पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ, हातात काठी.

आता आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. तंजावरात आमची मराठी, 'म्हणतो'ला 'मेण्तो' म्हणणारी, बाहेरच्या कुणालाच कळत नाही. त्यामुळे जे लपवायचं ते आम्ही कुजबुजत नाही, त्या माणसाच्या तोंडावर मोठ्यानं मराठीत बोलतो. दुकानदारासमोर त्याचीच लबाडी, पाहुण्यासमोर त्याचंच पोट, सगळं खुशाल. ही सवय इतकी हाडीमासी खिळलेली, की मी पुण्यात राहणारी बाईसुद्धा त्या क्षणी चेहऱ्यावर हसू ठेवून म्हणाले, "आई, हा अण्णाच्या बँकेतला मोठा साहेब. तुला अर्धांग झालंय असं अण्णानं सांगितलंय. चटकन आडवी हो, नाहीतर अण्णाला भटिंड्याला धाडतील."

 आईनं काठी भिंतीला टेकवली.

"कोनती बाजू?"

"डावी."

ती पायऱ्या उतरून खाली आली आणि ओसरीवरच्या बाकावर पडली. डावा हात लुळा सोडला, तोंड वाकडं केलं. त्या वाकड्या तोंडातून मग असा पट्टा सुटला, की खऱ्या अर्धांगवाल्याला जमला नसता.

"मेल्यानं मज जिवंतपणी मारट्लं की गं! आणि हा कोन, खांबासारखा उभा अहे? काय बघतो? पोट बघ ह्याचं, कणगी जशी. काकडीसाठी राहतो मेण्तो तुझा अण्णा. खोटा अहे तो. त्याचा बापा रेल्वेत होता, बढती घेट्ला, कुन्नूरला गेला. त्या थंडीतच अंथरूण धरट्ला. चैत्र अहे, तोंडाला चव नाहीं, लिंबाचं फूल घालून सार कर मेण्ट्ला. त्या डोंगरात कुठलं गं लिंबाचं फूल? मी नुस्तं चिंचेचं दिलं. एक घोट घेट्ला, मज बघट्ला, वाटी खालीं ठेवट्ला, तेच शेवटचं. सेतू तिथंच उभा होता, दारांत. तेव्हांपासून हा गांव सोडीत नाहीं. हे ह्या कणगीला कसं सांगायचं?"

हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा पाळण्यात होते. माझं हसू चेहऱ्यावरच वाळलं, आणि साहेबांसमोर रडणंही शक्य नव्हतं.

साहेबांनी एकदा वर गच्चीकडे बघितलं. मग ते खास वऱ्हाडी मराठीत म्हणाले, "आजी, उठा आता. तुमच्या कुरडया कावळे नेऊन राहिले."

आई अशी ताडकन उठली, की बाक मागं सरला. पण लाजेनं नाही. काठी उचलून ती जिना चढत म्हणाली, "मराठी येते तर आधी सांगाया नको? ये वर. दोन कावळे तू हाकल."

आणि साहेब वर गेले. पुढचा तासभर त्रिचीचा मोठा साहेब आमच्या गच्चीवर डोक्याला टॉवेल बांधून बसला होता. आईनं त्यांना वाडगाभर कोमट पीठ दिलं, हिरवी मिरची आणि लिंबू पिळलेलं. ते म्हणाले, यवतमाळकडे त्यांची आई गव्हाच्या कुरडयांचा चीक असाच द्यायची. पहिली बढती मिळाली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते. मग एकामागून एक गावं. दर वर्षी चैत्रात आई कुरडया पार्सलनं धाडायची, त्या पोचेपर्यंत भुगा व्हायचा. ती गेली तेव्हा हे गुवाहाटीत होते.

अण्णा आला तो काकड्यांची पिशवी घेऊन, शिट्टी वाजवत थेट गच्चीवर. अर्धांग झालेली आई सोऱ्या फिरवतेय आणि शेजारी साहेब कावळे हाकतोय, हे बघून त्याच्या हातून पिशवी सुटली. काकड्या चारी दिशांना गेल्या.

"खोटं मी लिहिणार नाही," साहेब त्याला म्हणाले. "तुम्हाला का जायचं नाही ते सांगा."

अण्णानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मान खाली घालून म्हणाला, "मला इथं बरं वाटतं, सर. एवढंच."

साहेबांनी एक काकडी उचलली, सफारीला पुसली आणि चावली. बँकेला त्यांनी काय कळवलं ते अण्णाला पुढच्या महिन्यात कळलं: यांना बढती नको आहे, यापुढे विचारू नये. चौकशी झाली नाही. अण्णा जन्मभराचा कॅशियर झाला आणि त्या आनंदात त्यानं ऑफिसभर ताडगोळे वाटले. आईनं मात्र त्याला सोडलं नाही. तिला अर्धांग दिल्याबद्दल पुढच्या सगळ्या चैत्रांत वडाम राखायचं काम त्याच्याकडे. ज्या वसंतासाठी एवढं केलं, त्यातल्या सगळ्या सुट्ट्या तो गच्चीवर काठी घेऊन बसला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा माहेरी होते. एका साध्या बुधवारी सकाळी, अण्णा बँकेत जायच्या आधी गच्चीवर राखण करत असताना, दार वाजलं. साहेब. या वेळी सफारी नाही, साधा शर्ट. विचारायच्या आधीच जिना चढून वर गेले.

"कामाचा दिवस नं आज?" आईनं विचारलं. "रजा कशी मिळट्ली?"

साहेब कावळ्यांकडे बघत म्हणाले, "आई आजारी आहे म्हणून सांगून आलो."

अण्णानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आईनं सोऱ्या फिरवणं थांबवलं नाही.

"कोनती बाजू?" ती म्हणाली, आणि अण्णाच्या हातातली काठी काढून तिनं साहेबांच्या हातात दिली.